जानापावच्या काका, तुमचा पंचा माझ्याकडे आहे

महूजवळच्या जानापाव डोंगरावर भेटलेल्या काकांना,
सादर नमस्कार.

त्या गडबडीत तुमचं नाव विचारायचं राहिलं, नंबर घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय. इंदूर-महूच्या मराठी घरांतून फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे. खूण सांगते. ऑक्टोबरातला रविवार, साडेअकराची वेळ, पायवाटेचा वरचा उघडा टप्पा, तिथे आडवी पडलेली फिकट पिवळी लॅब्रेडोर आणि तिच्याशेजारी "अगं शिकू, ऊठ ना गं" करत रडकुंडीला आलेली बाई. ती बाई मी.

तुम्ही विचारलं होतंत, "इतक्या उशिरा कुत्रं घेऊन चढतं का कुणी?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देते. इंदुरातल्या रामबागेतून सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो आठला. मग पोहे-जलेबी. (पोह्यांवाचून आम्ही शहराची हद्द ओलांडत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं!) पायथ्याशी गाडी लावली तेव्हा दहा वाजून गेले होते. मुलाला तो डोंगर दाखवायचाच होता. इथल्या एका अंगाचं पाणी चंबळेतून यमुनेला मिळतं आणि दुसऱ्या अंगाचं नर्मदेला, हे त्याला पुस्तकात वाचून पटत नव्हतं. पाण्याच्या दोन बाटल्या आमच्यासाठी घेतल्या. शिकूची बाटली आणि वाडगं डिकीतच राहिलं.

पाऊस संपून पंधरवडा झालेला, गवत अजून हिरवं, दरीतून वारा येत होता. मला ऊन जाणवतच नव्हतं. शिकू पुढे पळायची, वळून आमच्याकडे बघायची, परत पळायची. नंतर ती मागे पडली. जीभ लांब बाहेर, तोंडातून चिकट लाळ. मला वाटलं, दमली असेल, चौतीस किलोचं धूड आहे. आणखी चार पावलं टाकली, पाय फाकले आणि बसकण मारली ती उठलीच नाही.

तुम्ही नातवाला घेऊन वरून उतरत होतात. आधी हिंदीत ओरडलात, "पहले छाँव में लो!" आणि माझं मराठी कानावर पडताच भाषा बदललीत. "ताई, तोंडात पाणी ओतू नका. ठसका लागेल." तिला करवंदीच्या जाळीआड ओढलीत, ओठ वर करून हिरड्या पाहिल्यात. विटेसारख्या लाल झाल्या होत्या. मग तुमच्या कॅनमधलं पाणी पोटावर, काखेत, मांड्यांच्या आत, पंजांवर. मी माझी ओढणी भिजवून तिच्या पाठीवर पांघरायला गेले तर तुम्ही हात धरलात: "झाकू नका, वाफ आत कोंडते. वारा घाला." आणि खांद्यावरचा पंचा काढून पंख्यासारखा हलवायला लागलात. नातू कान ओले करत होता. मध्येच तुम्ही माझा तळहात उलटा करून त्या काळ्या खडकावर टेकवलात. मला पाच सेकंदसुद्धा धरवला नाही. तिचे पंजे तासभर त्यावरच होते.

"तिला घाम येतो तो नावाला, पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी मदार धापेवर. आणि ही जात मालकाच्या मागे मरेपर्यंत चालते. ती थांबणार नाही, तुम्हीच थांबायचं." हे तुम्ही रागानंच म्हणालात. महूच्या व्हेटरनरी कॉलेजात तीस वर्षं कंपाउंडर होतात, हे नंतर नातवानं सांगितलं. तुम्ही स्वतः बोलला नाहीत.

दहा-बारा मिनिटांनी तिनं डोकं उचललं आणि ओंजळीतलं थोडं पाणी चाटलं. मी सुटले म्हणून हसले तर तुम्ही दटावलंत, "आता खरं काम. डॉक्टरकडे न्या, आजच." आमच्या चादरीची झोळी केलीत, भुट्टेवाल्या दोन पोरांना हाक मारलीत, आणि सत्तरी ओलांडलेली असूनही झोळीचा एक कोपरा तुम्ही सोडला नाहीत.

महूच्या दवाखान्यात ताप १०३.४ निघाला. डॉक्टर म्हणाले, वाटेत थंड केलं म्हणून इतका. १०६ च्या वर गेला की मूत्रपिंडं, यकृत सगळं धोक्यात येतं. सलाईन लागलं, रक्ताच्या दोन तपासण्या झाल्या. आठवड्यानं दोन्ही ठीक आल्या. आता ती जिन्यावरून दूधवाल्यावर भुंकते, म्हणजे तब्येत पूर्वपदावर.

मी पैसे पुढे केले तेव्हा तुम्ही हात मागे घेतलात आणि तिच्या पट्ट्याकडे बोट दाखवलंत: "हा गळ्यात रुततो, छातीचा घ्या." घेतलाय. पाच लिटरचा कॅनही घेतलाय. वजनाचंही मनावर घेतलंय. जलेबीचा तुकडा बंद, त्यावर घरात अजून भांडणं चालू आहेत.

कार्तिक पौर्णिमेच्या जत्रेला दरवर्षी येतो, असं तुमचा नातू म्हणाला होता. शिकूला त्या गर्दीत आणणार नाही. मी मात्र येईन, कुंडाजवळ उभी राहीन, हातात नवा पंचा असेल. जुना मागू नका. धुऊन घडी करून ठेवला होता, तिनं दोनदा ओढून नेला. आता रात्री त्यावरच झोपते.

तुमची,
शिकूची आई