रविवारच्या बैठकीला जुनी युकुलेले आणताना

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी जुनी, हाताने घडवलेली युकुलेले (गिटारसारखी चार तारांची छोटी वाद्यं) पाहण्या-वाजवण्याची बैठक आहे. हवाईतल्या होनोलुलूच्या कमाका घराण्याचं कोआ लाकडाचं वाद्य कुणाकडे असेल तर जरूर आणा. हे घराणं १९१६ पासून युकुलेले घडवतंय आणि अननसाच्या आकाराचं युकुलेले ही त्यांचीच देणगी.

एक कळकळीची विनंती. जुन्या वाद्याला स्टीलच्या तारा कृपया लावू नका. ही वाद्यं प्राण्यांच्या आतड्याच्या तारांसाठी घडवलेली असतात. स्टीलच्या ताणाने ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) उखडतो, वरची पातळ फळी फुगते. नायलॉन चालेल. तार ताणायची साधी खुंटी घसरत असेल तर तिच्या टोकाचा स्क्रू हलकेच आवळा, गोंद नको. आणि मूळ पॉलिश घासून चकचकीत करू नका. बोटांनी झिजलेली ती जागा तशीच पाहायची आहे.

येताना वाद्य उन्हात, बंद गाडीत ठेवू नका.