जुन्या केमनच्या खरेदीत हात देणाऱ्यांचे आभार

बंगळूरूत नोंदलेली पोर्शे केमन एस ही जुनी, जमिनीलगत बसणारी स्पोर्ट्स गाडी अखेर पुण्यात आमच्या दारी आली असून, या व्यवहारात ज्यांनी निरपेक्ष मदत केली त्यांचे मी मनापासून आभार मानतो.

सर्वप्रथम त्या मिस्त्रीबुवांचे, ज्यांनी चकचकीत रंगाकडे ढुंकूनही न पाहता आधी पुढच्या बंपरच्या जाळीतून बॅटरीचा झोत टाकला आणि रेडिएटरपुढे साचून कुजलेला पाचोळा दाखवला. याच ओलीने एसीचा कंडेन्सर (एसीतला वायू थंड करणारी पुढची जाळी) गळू लागतो, हे त्यांनीच समजावले. टायरच्या कडेवरचा ‘२३१७’ हा शिक्का, म्हणजे टायर बनल्याचा २०१७ चा तेविसावा आठवडा, वाचून त्यांनी चारही टायर बदलायला लावले. खर्च झाला, पण सल्ला सोन्यासारखा होता.

ना-हरकत दाखल्यासाठीचा फॉर्म २८ आणि मालकी हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० बिनचूक भरून देणाऱ्या ताईंचाही मी ऋणी आहे.

ताम्हिणी घाटात पहिल्यांदा गाडी नेली, तेव्हा आसनांमागेच बसवलेल्या ३.४ लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनामुळे वजन मधोमध राहून वळणावर गाडी किती निमूटपणे वळते, हे उमगले. ३२५ अश्वशक्तीपेक्षा मला हेच अधिक भावले. (गतिरोधकांवर मात्र जीव मुठीत धरावा लागतो.) पौडजवळच्या एका उंच गतिरोधकावर गाडी तिरकी काढताना मागची वाहतूक थोपवून धरणाऱ्या टेम्पोचालक दादांनाही मनःपूर्वक धन्यवाद.