गोठ्याची वाकळ

खानापूर

चि. बाळीस,
अनेक आशीर्वाद.

भिंतीवर लावायला जुन्या गोठ्याचं चित्र असलेली वाकळ शिवणार असशील तर आधी कौलांचा विचार कर. भिंत, गव्हाण, खांब ही चार चिंध्यांत होतात. कौलं फसली की गोठ्याचं खोपट दिसतं.

वाकळ ४८ इंच रुंद, ३६ इंच उंच धर. त्यातले १६ इंच छप्पर. कौलाचा तुकडा ३ बाय साडेतीन इंच कापायचा. दोन्ही बाजू आणि खालची कड अर्धा-अर्धा इंच दुमडायची. एका ओळीत २४, अशा ८ ओळी, म्हणजे १९२ तुकडे. जुन्या इरकलीचे दोन लाल पदर लागतील, एकात भागत नाही. पदराचे धागे भराभर सुटतात, म्हणून दुमड अर्ध्या इंचापेक्षा कमी नको. घरावर चढवतात तशीच वळचणीकडून आढ्याकडे ये. वरच्या ओळीनं खालचीचा एक इंच झाकायचा. वरून सुरुवात केलीस तर खालच्या प्रत्येक ओळीची कापलेली कड उघडी पडते.

आपल्याकडची भिंत चिऱ्याची, तीही तांबूस. म्हणून वळचणीखाली दीड इंचाची काळी पट्टी टाक. ती सावली नसेल तर छप्पर न् भिंत एक होतात. गाय-बैल काढू नकोस, गव्हाणीला नुसतं सुटलेलं दावं पुरे. ते कशिद्याच्या गवंती टाक्यानं, म्हणजे धागे मोजून घातलेल्या दुहेरी धावदोऱ्यानं घाल, पण थर जोडण्याआधी. नंतर धागे मोजता येत नाहीत.

लाल कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघ. रंग लागला तर ते वापरू नकोस. नवं कापड घेतलंस तर रात्रभर भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून शेजारची जुनी चिंधी ओढतं.

मध्ये जुन्या सुती लुगड्याचे दोनच थर घाल, ही पांघरायची नाही. फरशीवर पसरून मधून कडेकडे वीतभर अंतरावर कच्चे टाके मार. मग धावदोरा घाल. इकडच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, कडेनं फिरत फिरत मध्ये आणतात, तसाच. दोन ओळींत अर्धा इंच अंतर. कच्चे टाके गाळलेस तर सगळा घोळ मध्यावर जमतो. दोरा आवळून ओढलास तर कौलं चुरगळतात.

मागं वरच्या बाजूला ४ इंचांची नळी शिव, त्यात वेळूची काठी. खिळ्यावर टांगू नकोस, वजनानं फाटेल. पावसाळ्यात ओलीच्या भिंतीवरनं काढून ठेव, बुरशीचे काळे ठिपके धुऊन जात नाहीत.

पदर इथंच बघून ठेवते. फारच जुने दिसले तर दोनाऐवजी तीन घेईन, विरलेला भाग टाकावा लागतो.

तुझी आई