धडकेनंतर कीलची जोडणी न तपासता दिलेल्या दाखल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज सकाळी आपल्या सेवा केंद्राशी माझे सातव्यांदा बोलणे झाले. यापुढे या विषयावर फोनवर बोलायचे नाही असे ठरवून हे पत्र लिहीत आहे.

पौर्णिमेनंतरच्या रविवारी बेलापूरहून निघून घारापुरीच्या दक्षिणेकडून जाताना, उधाणाच्या भरतीत आणि सुमारे ५ नॉट वेगात, आपण बांधलेल्या माझ्या ३१ फुटी शिडाच्या बोटीची कील, म्हणजे तळाखाली बोल्टने जोडलेले वजनदार पाते, पाण्याखालच्या कशावर तरी, बहुधा मासेमारीच्या डोल जाळ्याच्या जुन्या खुंटावर, आदळली. बोट जागच्या जागी थांबली आणि माझी मुलगी केबिनच्या पायऱ्यांवरून खाली पडली. भरतीत खुंट दिसत नाहीत हे मला ठाऊक असायला हवे होते. धडकेचा दोष मी आपल्याला देत नाही.

माझी तक्रार त्यानंतरच्या तपासणीबद्दल आहे. आपल्या कार्यशाळेने बोट क्रेनने उचलली, कीलच्या पुढच्या कडेवरचा खड्डा बुजवला, बोल्ट आवळले, रंग दिला, पूर्ण शुल्क घेतले आणि 'समुद्रात नेण्यास योग्य' असा सही-शिक्क्याचा दाखला दिला. केबिनच्या तळाच्या फळ्या उचलून आत मात्र कोणीही पाहिले नाही.

कीलचे खालचे टोक अडकले की कील तरफेसारखी वागते. तिचा पुढचा भाग हलपासून, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचापासून, खाली ओढला जातो आणि मागचा भाग हलमध्ये वर घुसतो, त्यामुळे खरी इजा शेवटच्या बोल्टच्या मागे, हलला आतून चिकटवलेल्या फायबरग्लासच्या सांगाड्यात होते, हे ही बोट बांधणाऱ्यांना मला सांगावे लागू नये. दाखला मिळाल्यानंतरच्या तिसऱ्या फेरीत मला बिल्जमध्ये, म्हणजे फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत, खारे पाणी आढळले. मी स्वतः फळ्या उचलल्या तेव्हा नेमक्या त्याच जागी वीतभर लांबीची भेग दिसली, आणि सांगाडा हलपासून इतका सुटला आहे की फटीत नख जाते. शौचालयाचे दारही आता चौकटीत बसत नाही.

हे सर्व छायाचित्रांसह कळवल्यावर आज आपल्या प्रतिनिधीने मला विचारले, "साहेब, बोट तरंगते आहे ना?" मी म्हणालो, तरंगते, पण कील निखळली तर बोट क्षणात उलटेल. त्यावर ते म्हणाले, "मग निखळल्यावर फोन करा, तोपर्यंत आमच्या नोंदीत बोट ठीक आहे." त्या बोटीवर माझी मुलगी आणि दोन नातवंडे येतात, हे मी त्यांना सांगितले. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत, आणि मग त्यांनी दाखल्याचा क्रमांक मला पुन्हा वाचून दाखवला. माझ्याशी कोणी इतक्या बेपर्वाईने कधी बोललेले नाही, आणि विषय जिवाचा होता.

मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' या बोटीची कील अटलांटिक महासागरात तुटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने २०१५ च्या अहवालात नोंदवले आहे की, पूर्वी तळ लागल्याच्या घटना आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कीलची हलशी असलेली जोडणी कमकुवत झाली असावी, आणि सांगाडा व हल यांमधील चिकटवण सुटली तरी ते सहज लक्षात येईलच असे नाही. म्हणूनच फळ्या उचलून पाहायचे असते. आपल्या कार्यशाळेने पाच दिवसांत त्या एकदाही उचलल्या नाहीत.

दिलेला दाखला लेखी मागे घ्यावा. बोट पुन्हा उचलून कील पूर्ण उतरवावी, बोल्ट आणि सांगाड्याची संपूर्ण चिकटवण माझ्यासमोर तपासावी आणि दुरुस्ती आपल्या खर्चाने करावी. आपल्या कंपनीशी संबंध नसलेला सर्वेक्षक मी आणीन. त्याचे शुल्कही आपणच भरावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी राहत्या जिल्ह्यात, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन, आणि आपला दाखला व माझी छायाचित्रे तिथे शेजारी शेजारी ठेवीन.

आपल्या बांधणीवर विश्वास ठेवून मी दोन मित्रांनाही आपल्याच बोटी घ्यायला लावल्या होत्या. त्या दोघांना मी काल फळ्या उचलून पाहायला सांगितले आहे.

आपला,
एक ग्राहक
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

सोबत : दाखल्याची प्रत, शुल्काची पावती, नऊ छायाचित्रे