म्हातारा कुत्राही घरी न्या

संपादक महोदय,

मालक परदेशी गेला, वारला किंवा भाड्याची खोली बदलली, की गोव्यात घरचा कुत्रा बाजारात नाहीतर किनाऱ्यावर सोडला जातो. दत्तक शिबिरात पिल्लांना चटकन घर मिळते. सात-आठ वर्षांचा कुत्रा निवाऱ्यातच राहतो. खरे तर निवृत्त माणसांना तोच सोयीचा. स्वभाव कळलेला असतो, चपला कुरतडायचे वय सरलेले असते. (म्हातारा कुत्रा काही शिकत नाही म्हणणाऱ्यांनी त्याच्यासमोर बिस्किटाचा डबा उघडून पाहावा!) खर्च मात्र लपवू नये: दात, सांधे, मूत्रपिंडांची तपासणी आणि आपल्या पावसात गोचिडांचा बंदोबस्त. कायमचे जमत नसेल तर काही आठवडे सांभाळायला न्या; पिंजऱ्यात अंग चोरून बसणारा कुत्रा घरात कसा वागतो, ते तेव्हाच कळते.

२०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, त्यामागे कुत्र्यांचे सामूहिक लसीकरण होते. ते जमले, तर पशुसंवर्धन खाते आणि पंचायतींनी दत्तक शिबिरांत वयस्क कुत्रे वैद्यकीय नोंदीसह आधी पुढे आणावेत.

– एक वाचक, फोंडा