मुलं पळवणाऱ्या टोळीचा तो मेसेज

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू सहज म्हणालीस, गोसावी आला होता, पण यंदा दार उघडलं नाही. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. लहानपणी 'अलख' ऐकू आलं की तू सुपातली ज्वारी माझ्याच हातून त्याच्या झोळीत घालायचीस.

बाबा, त्याच सकाळी तुम्ही घरच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज टाकला होता. मी रागावून लिहीत नाही. पण राईनपाडा आठवा. आपल्याच धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं गाव. १ जुलै २०१८, रविवारचा आठवडी बाजार. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं मुलं पळवणारे समजून मारून टाकलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं, तिथंही सोडलं नाही. त्या रात्री तुम्ही जेवला नव्हतात.

मग तुमच्यासारख्या माणसाला तसलाच मेसेज खरा का वाटावा? मला वाटतं, याचं मूळ नातवाच्या काळजीत आहे. छोटू खाली खेळायला गेला की तुम्ही गॅलरीतून हलत नाही. भीती आधीपासून मनात असतेच. मेसेज येतो आणि बोट दाखवतो, हाच तो. पाठवणारा भावकीतला किंवा शाळासोबती, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? आणि तीच गोष्ट चार ग्रुपांवर दिसली की चार साक्षीदार मिळाल्यासारखं वाटतं. खरं तर चौघांनी एकच मजकूर पुढे ढकललेला असतो.

त्या वर्षी देशभर एक व्हिडिओ फिरला. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतला, मुलांना जपा असं सांगणारा जनजागृतीचा व्हिडिओ. त्यात शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तेवढाच भाग कापला होता.

'खोटं असलं तरी सावध राहण्यात काय वाईट?' असं तुम्ही म्हणाल. बाबा, त्या सावधपणाची किंमत आपण मोजत नाही. जो अनोळखी गावात पालं ठोकून राहतो, ज्याची ओळख सांगायला तिथं कुणी नाही, तो मोजतो.

यापुढे असं काही आलं तर पुढे पाठवण्याआधी मला फोन करा, रात्री कितीही वाजता. मी पोलीस ठाण्यात विचारून तुम्हाला सांगेन.

आणि आई, तो गोसावी पुन्हा आला तर दार उघड. छोटूच्या हातून ज्वारी दे.

तुमची,
मनू