वाघदेवाचा माहितीपट धडगावातही दाखवा

महोदय,

आदिवासींच्या वनश्रद्धेवरील एक माहितीपट आमच्या भागातील एका संग्रहालयाने नुकताच दाखवला, ही आनंदाची बाब आहे. एरवी काचेआड मुका पडून असलेला ढोल पडद्यावर घुमताना ऐकला, एवढ्यासाठीही जाणे सार्थकी लागले.

मात्र सातपुड्यातील वाघदेवाच्या पूजेला निवेदकाने केवळ भीतीपोटी जन्मलेली प्रथा ठरवले, ते खटकले. ज्या रानात गुरे चारायची, मोहाची फुले वेचायची, त्याच रानात राहणाऱ्या वाघाला नैवेद्य दाखवण्यात शेजारधर्म आहे, आणि हे रान त्याचेही आहे अशी कबुलीही आहे. काठी या गावच्या होळीची दृश्ये सुंदर होती. उंच बांबू उभारलेली ती होळी पहाटे पेटते, तेव्हा कॅमेरा ज्वाळांवर नव्हे तर म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर थांबतो. पावरी बोलीतील गाणे मात्र हिंदी निवेदनाखाली दबले. शिवाय सामूहिक वनहक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या कायद्याचा साधा उल्लेखही नव्हता.

प्रेक्षकांत आम्ही बहुतेक शहरी निवृत्त मंडळीच होतो. पुढचा खेळ सातपुड्यातील आदिवासी भागात, धडगाव किंवा अक्कलकुव्यात, बाजाराच्या दिवशी ठेवावा, ही आयोजकांना विनंती.

– एक वाचक, धुळे